ताटकळायला किती जागा लागते?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या ज्या दवाखान्यात मी आईला दर महिन्याला घेऊन जातो, तिथली बसायची खोली साधारण तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब आहे. डॉक्टर दहाला येतात, पण वहीत नाव आधी लागावे म्हणून लोक साडेआठपासूनच येऊन बसतात. दहाच्या सुमारास दोन्ही बाकडी भरलेली असतात, उरलेले भिंतीला टेकून उभे राहतात, आणि कोणी आतबाहेर करू लागले की बसलेल्यांना पाय आखडून घ्यावे लागतात. खोली लहान आहे, असे सगळेच म्हणतात; मला मात्र तिचा हिशेब मांडून पाहावासा वाटला.

हा हिशेब कसा मांडायचा, हे न्यूयॉर्कच्या बस टर्मिनलसारख्या ठिकाणच्या गर्दीचा अभ्यास करणारे अभियंते जॉन फ्रुइन यांनी 1971 मध्ये दाखवून दिले. वरून पाहिले असता उभा माणूस लंबगोल आकाराचा दिसतो. फ्रुइन यांनी हा लंबगोल 60 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर खोल धरला, म्हणजे सुमारे 0.21 चौरस मीटर. पण एवढीच जागा मिळाली तर माणूस नुसता मावतो, त्याला धड थांबता येत नाही. त्यांच्या मांडणीत माणशी 1.2 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक जागा असेल, तर कोणालाही धक्का न लागता त्या गर्दीतून ये-जा करता येते. 0.65 ते 0.9 चौरस मीटरमध्ये वाट मिळते, पण थोडे सरका असे म्हणावे लागते. 0.28 च्या खाली गेल्यावर शेजाऱ्याचा स्पर्श टळत नाही.

आता दवाखान्याकडे येऊ. बारा चौरस मीटरमधून कंपाउंडरचे टेबल, पाण्याचा माठ आणि दार उघडायला लागणारी जागा वजा केली, तर दहा उरतात. माणसे किती, हे ठरवण्यासाठी जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम उपयोगी पडतो: थांबलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. तासाला वीस रुग्ण येतात आणि प्रत्येक जण पाऊण तास थांबतो असे धरले, तर खोलीत एका वेळी पंधरा रुग्ण असणार. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही, सून, मुलगा, नाहीतर शेजारची काकू बरोबर असतेच. म्हणजे तीस माणसे, आणि माणशी 0.33 चौरस मीटर, साधारण साडेतीन चौरस फूट.

याच खोलीत थांबण्याचा वेळ वीस मिनिटांवर आणला, तर रुग्ण जेमतेम सात आणि सोबत्यांसकट माणसे तेरा-चौदा होतात. माणशी जागा 0.7 च्या वर जाते. एकही भिंत न पाडता खोली दुपटीहून मोठी होते, आणि त्यासाठी वहीत क्रमांकापुढे यायची वेळ लिहिणे एवढेच पुरे असते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्थात, नियम सरासरीचा आहे. सगळे साडेआठलाच आले तर सकाळची गर्दी सरासरीच्या कितीतरी वर जाते, म्हणून खोली आखताना विचार त्या भरतीच्या तासाचा करावा लागतो.

त्या तासात हवाही तपासून पाहावी. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे तीस माणसे मिळून तीन किलोवॅटची शेगडीच झाली, आणि तीही मे महिन्यातल्या वडोदऱ्यात. उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट; पंखा ती हवा फिरवतो, पण बदलत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या की ती बदलू लागते.

एक जागा मात्र या गुणाकारात कधीच दिसत नाही. चाकांच्या खुर्चीला नुसते उभे राहायला 90 बाय 120 सेंटिमीटर आणि वळायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. मागच्या महिन्यात एक आजोबा अशा खुर्चीत आले, तेव्हा त्यांना दारातच थांबवून मुलाने आत जाऊन नाव लावले. ते वर्तुळ बसायचे तर दाराजवळचे बाकडे हलवावे लागेल. चार जणांची बसायची सोय जाईल, हे कबूल. पण वेळ लिहून दिल्यावर ते चौघे तिथे नसतीलच.