साहिब, सुलतान, सिंध आणि राघोजी

कोणाही ठाणेकराला शहराचा इतिहास विचारा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. क्विझवाल्या पोरांना तर साहिब, सुलतान, सिंध ही इंजिनांची नावंही पाठ. आता विचारा, त्याच्या पाच वर्षं आधी, २ मे १८४८ला इथे काय झालं?

त्या दिवशी ठाण्याच्या तुरुंगात राघोजी भांगरे यांना फाशी दिलं. अकोले तालुक्यातल्या देवगावचे हे महादेव कोळी या आदिवासी जमातीतले. सह्याद्रीत त्यांनी सावकार आणि कंपनी सरकार, दोघांविरुद्ध बंड उभारलं होतं. सरकारी कागदांत मात्र ते दरोडेखोर. तो तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला, आजचं मध्यवर्ती कारागृह.

इंजिनांची नावं लक्षात राहतात आणि फासावर गेलेल्या माणसाचं राहत नाही, हे कसं? याला उदासीनता म्हणून मोकळं होता येईल. पण विसरण्याचीही एक रीत असते.

१९९४ साली मायकेल अँडरसन, रॉबर्ट ब्योर्क आणि एलिझाबेथ ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. फळ–संत्रं, फळ–केळं, अशा धर्तीच्या. मग काही गटांतल्या निम्म्याच जोड्यांची उजळणी करून घेतली. उजळणी झालेले शब्द चांगले आठवले, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. त्याच गटातले, उजळणी न झालेले शब्द जेमतेम ३८ टक्के आठवले. ज्या गटांना कुणी हातच लावला नव्हता, त्यांतले मात्र जवळपास निम्मे. म्हणजे संत्रं घोकलं की केळं आपसूक दबतं. पुढे २००७ मध्ये विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुसतं ऐकणाऱ्याचंही असंच होतं. बोलणारा जे गाळतो, ते ऐकणाऱ्यालाही आठवेनासं होतं.

प्रयोगशाळेतली अर्ध्या तासाची पाठांतरं कुठे आणि पावणेदोनशे वर्षांचा इतिहास कुठे, हे मान्य. तरी ‘ठाणे’ हा एक गट धरून पाहा. दर एप्रिलला गाडीची उजळणी होते, शाळेत, पेपरात, व्हॉट्सॲपवर. २ मेला आदिवासी संघटना राघोजींना अभिवादन करतात, पण ती उजळणी बहुतेकदा त्यांच्यातच राहते.

शिवाय पाठ करायची यादी कुणी केली, हा प्रश्न आधीचा. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने केलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, १८८२ साली छापलं गेलं. स्थानिक इतिहास लिहायला बसलं की हात आधी तिकडेच जातो (माझाही जातो). पिकं, बंदरं, देवळं, सगळं त्यात बारकाईने आहे. आदिवासीही आहेत, पण साहेबाने पाहिले तसे.

कातकऱ्यांचंच घ्या. खैराचा लाल गाभा फोडायचा, ढलप्या मडक्यात उकळायच्या, पाणी आटवत आटवत काथ काढायचा, हे त्यांचं कसब. नावही त्यावरूनच पडलं. झाडाचा गाभा पिकला की नाही, रस कधी उतरवायचा, हे ओळखणं म्हणजे रसायनशास्त्रच की. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, खैर सरकारी झाला आणि हे कसबी लोक कोळशाच्या नि विटांच्या भट्ट्यांवर मजूर झाले.

त्याच काथातल्या एका द्रव्याला युरोपीय रसायनशास्त्रात कॅटेचिन म्हणू लागले, काथाच्या ‘कॅटेचू’ या नावावरून. घोडबंदर रोडवरच्या दुकानांत ग्रीन टीच्या पाकिटावर हा शब्द छापलेला सापडेल. काथ उकळणाऱ्यांचं नाव मात्र पानाला तो लावून देणाऱ्या टपरीवाल्यालाही क्वचितच ठाऊक असतं.