तुटलेलं पातं, झिजलेली कानस

बाथरूमच्या टाइलांचे सांधे एकदा काळे पडले, की वरून कितीही घासा, थोड्या दिवसांत पुन्हा तेच. जुनं व्हाइट सिमेंट खरवडून काढायचं आणि नवं भरायचं, हाच त्यावरचा खरा इलाज. पण सांधा असतो जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. स्क्रूड्रायव्हर आत शिरत नाही, आणि जबरदस्तीने घातला तर टाइलच्या कडेचा टवका उडतो. भाजीची सुरी वाकते, शिवाय तिची धार जाते ती वेगळीच. या कामाचं सगळ्यात चांगलं हत्यार घरीच तयार होतं आणि त्याला लागतात फक्त हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीची, दोन जुनी पाती.

हॅक्सॉचं पातं साधारण 300 मिलिमीटर लांब, साडेबारा मिलिमीटर रुंद आणि पाऊण मिलिमीटरहूनही पातळ असतं. त्याचे दात सरळ रेषेत नसतात, ते डावीउजवीकडे लाटेसारखे झुकवलेले असतात. त्यामुळे पातं स्वतःच्या जाडीपेक्षा रुंद खाच पाडतं आणि खाचेत अडकत नाही. अशी दोन पाती एकावर एक चपटी ठेवून, टोकांच्या भोकांतून छोटे नट-बोल्ट घालून आवळली, की सांध्यात बसेल एवढी रुंदी मिळते. हाताच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायची. आता सांध्यातून हलक्या हाताने मागेपुढे ओढत राहिलं, की सिमेंटचा भुगा पडत जातो. व्हाइट सिमेंट तसं मऊ, पातं ते सहज खातं. पण भरलेल्या मालात वाळू असेल तर दात भराभर झिजतात, कारण वाळूतलं क्वार्ट्झ पात्याच्या कठीण पोलादालाही ओरखडे पाडतं. दात बोथट झाले की पाती बदलायची, बाकी हत्यार तेच राहतं.

घरच्या दुरुस्तीत अशी कामं वारंवार निघतात, ज्यांच्यासाठी दुकानात नेमकं हत्यार मिळत नाही किंवा मिळालं तरी एका कामासाठी घेणं परवडत नाही. स्लायडिंग खिडकीच्या खोबणीत घट्ट बसलेला मळ, चष्म्याच्या दांडीचा स्क्रू, प्लायवूडवर बिजागरी लावायची खूण, पट्ट्याला पाडायचं एक जादा भोक. पकड, पाना, हातोडी ही हत्यारं विकतच घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. घरी बनवण्यात खरा फायदा आहे तो टोचणाऱ्या, खरवडणाऱ्या, खूण करणाऱ्या छोट्या हत्यारांचा. त्यांना लागणारं उत्तम पोलाद आपण भंगारात टाकत असतो.

मात्र लोखंडाचा कोणताही तुकडा चालत नाही, आणि इथेच बहुतेकांचं काम फसतं. साधा खिळा घासून त्याला सुईसारखं टोक काढलं, तरी दोन-चार वेळा दाबल्यावर ते वळतं. तो खिळा लालबुंद तापवून पाण्यात बुडवला तरी फारसा फरक पडत नाही. कानशीचा तुकडा तसाच तापवून बुडवा, तो काचेइतका ठिसूळ आणि भयंकर कठीण होतो. दोन्ही लोखंडच. फरक आहे कार्बनचा. साध्या खिळ्याच्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. कानशीत तो एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा वर असतो. शंभरात एक भाग एवढ्याशा कार्बनवर हत्याराची सगळी लायकी ठरते.

घरात पडलेल्या तुकड्यात कार्बन किती हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गल्लीत धार लावणारा आला, की तो तुकडा त्याच्या चाकावर क्षणभर टेकवायला सांगा आणि ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात आणि विझतात. कानशीच्या ठिणग्या चाकापासून थोड्याच अंतरावर फुटतात, त्यांना फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे. चाकाने खरवडलेला लोखंडाचा तापलेला कण हवेत जळत असतो. त्यातला कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून वायू होतो, आणि तो वायू वितळलेल्या कणाला आतून फोडतो. कार्बन जितका जास्त तितकी आतषबाजी मोठी. चाक नसेल तर दुसरी परीक्षा आहे. तुकड्यावर चांगली कानस फिरवून पाहायची. कानस चावली तर तो मऊ आहे, नुसती घसरत गेली तर तो आधीच कडक केलेला आहे.

ज्यांना विस्तवाच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी काँक्रीटमध्ये ठोकायचा कडक खिळा आहे. हार्डवेअरच्या दुकानात साधा खिळा न मागता हा मागायचा. तो कारखान्यातूनच कडक होऊन येतो. ऑइलस्टोनवर किंवा चाकावर त्याला टोक काढायचं, लाकडी मुठीत बसवायचा, की टोचा तयार. चाकावर घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचा. टोक निळं पडलं, तर तेवढ्या भागाची कडकी गेली असं समजून तो भाग घासून काढून टाकायचा.

पण पूर्ण समाधान हवं असेल तर सुताराची झिजलेली तिकोनी कानस घ्यावी. करवतीला धार लावून लावून तिचे दात गेलेले असतात, पोलाद मात्र होतं तसंच असतं. पुण्याच्या जुन्या बाजारात अशा कानशी ढिगाने दिसतात. सुताराकडे मागितली तर तो बहुधा फुकटच देईल.

ही कानस आहे तशी घासता येत नाही, म्हणून आधी तिला नरम करायचं. कोळशाच्या शेगडीत लाल होईपर्यंत तापवायची आणि कोरड्या राखेत पुरून रात्रभर सोडून द्यायची. राख उष्णता कोंडून धरते, कानस अगदी सावकाश निवते. सकाळी ती दुसऱ्या कानशीने सहज घासता येते. मग हवा तो आकार द्या: टोचा, तिन्ही कडांनी खरवडणारी खरवडणी, किंवा स्क्रूड्रायव्हरचं चपटं टोक. टोकाच्या भागावरचे दात पूर्ण घासून काढणं महत्त्वाचं. दातांच्या खाचांतूनच पुढे तडे जातात.

आता तिला पाणी द्यायची, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करायची पाळी. हा लोहाराचा शब्द, आणि ही कृती म्हणजे या सगळ्या उद्योगाचं काळीज. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू ज्या चौकटीत रचलेले असतात तिच्यात कार्बनच्या अणूंना जवळजवळ जागाच नसते. पोलाद सावकाश निवतं तेव्हा कार्बन त्या चौकटीतून बाहेर पडतो आणि लोखंडाशी संयोग करून वेगळे थर बनवतो. असं पोलाद मऊ असतं. 727 अंश सेल्सियसच्या वर लोखंडाचे अणू आपली रचना बदलतात, आणि या नव्या रचनेत कार्बन चांगला मुरतो. या अवस्थेत पोलाद एकदम थंड केलं तर लोखंडाचे अणू जुन्या रचनेकडे परत निघतात, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, चौकट एका दिशेने ताणली जाते, आणि या ताणामुळे अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत. धातू वाकतो तो हे थर सरकल्यामुळे. ते सरकणंच थांबलं की तो कडक होतो. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. पोलादाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणाऱ्या आडोल्फ मार्टेन्स (1850–1914) या जर्मन संशोधकाचं नाव तिला दिलेलं आहे.

पोलाद पुरेसं तापलं हे कळायचं कसं? लोहाराला रंगावरून कळतं, पण त्या नजरेला वर्षं द्यावी लागतात, शिवाय उन्हात आणि सावलीत तोच रंग वेगळा भासतो. आपण चुंबक वापरायचं. लोखंड 770 अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं, आणि कानशीसारख्या पोलादात रचना बदलण्याची पायरीही त्याच सुमाराला ओलांडली जाते. स्पीकरमधलं जुनं चुंबक तारेला टांगून ठेवायचं. कानशीचं टोक शेगडीतून काढून त्याला लावून बघायचं. ओढ लागतेय तोवर पुन्हा विस्तवात. ओढ संपली की आणखी किंचित तापवून लगेच बुडवायचं. फार तापवलं तर पोलादाचे कण मोठे होतात आणि टोक पुढे टवके उडून झिजतं, म्हणून इथे हौस नको. फक्त टोकाचे तीन-चार सेंटिमीटर कडक करायचे आहेत, मुठीकडचा भाग नरमच राहू दे.

बुडवायचं कशात, यावर लोहारांची मतं ठाम असतात. पाणी उष्णता भराभर ओढून घेतं, पण लाल पोलादाभोवती वाफेचं आवरण तयार होतं. जिथे ते फाटतं तिथे धातू एकदम निवतो, जिथे टिकतं तिथे नाही. या ओढाताणीत बारीक तुकड्याला तडा जातो. मार्टेन्साइट होताना पोलाद थोडं फुगतंही, त्याची भर पडते. तेल सावकाश निववतं. आपल्या कानशीएवढ्या बारीक टोकाला कोमट शेंगदाणा तेल पुरेसं होतं. तेल धातूच्या खोल भांड्यात घ्यायचं, शेजारी घट्ट बसणारं झाकण ठेवायचं, काम अंगणात किंवा गच्चीवर करायचं. तेलाने पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही. डोळ्यांवर गॉगल हवाच. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही विस्तवात घालू नये, त्याच्या धुराने ताप भरतो.

बुडवून काढलेलं टोक आता कठीण आहे, पण हातातून फरशीवर पडलं तरी त्याचे दोन तुकडे होऊ शकतात. म्हणून शेवटची पायरी, आणि सगळ्यात देखणी. पॉलिश पेपरने टोक चांदीसारखं चकचकीत घासायचं. मग टोकापासून थोडं मागे, नरम भागाला गॅसची बारीक ज्योत लावायची. काही क्षणांत तिथे रंग उमटतात आणि हळूहळू टोकाकडे सरकू लागतात: सगळ्यात पुढे फिकट पिवळा, त्यामागे गव्हाळ, मग तपकिरी, जांभळा, आणि शेवटी निळा. हे रंग म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा पारदर्शक थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या एका लाखाव्या भागाच्या काही पट एवढीच. थराच्या वरून आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो तेव्हा काही रंग विझतात, काही उरतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलात जे इंद्रधनुष्य दिसतं त्याचं कारणही हेच. तापमान वाढेल तसा थर जाड होतो आणि रंग पुढे सरकतो. फिकट पिवळा साधारण 210 अंशांना, तपकिरी 260च्या आसपास, निळा 300च्या जवळ. तापमापी टेकवायची सोय नसते तिथे पृष्ठभागच आपलं तापमान सांगतो.

या तापमानाला अडकलेल्या कार्बनपैकी थोडा सुटून बारीक कणांच्या रूपात बाहेर येतो. कडकपणा जरासा उतरतो, चिवटपणा बराच वाढतो. टोच्याच्या टोकावर गव्हाळ रंग पोचला की लगेच पाण्यात बुडवायचं. खरवडणीला फिकट पिवळा पुरे, तिला धार टिकवायची असते. स्क्रूड्रायव्हर पिळला जातो, त्याला जांभळा-निळा लागतो. नाहीतर टोक तुटतं. घरात ओव्हन असेल तर तिथे 200 अंशांवर तासभर ठेवलं तरी चालतं, पण रंग धावताना बघण्याची मजा त्यात नाही.

या कार्बनच्या करामतीचं कोडं जुनं आहे. दक्षिण भारतात, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत, मातीच्या बंद मुशीत बनवलेलं वूट्झ पोलाद जगभर नावाजलं गेलं. त्यात दीड टक्क्यांच्या आसपास कार्बन असे. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने 1819मध्ये या पोलादाचं विश्लेषण केलं आणि त्याच्या गुणांचं श्रेय त्यातल्या अल्युमिनियमच्या अंशाला दिलं. पुढच्या तपासण्यांत तो निष्कर्ष टिकला नाही. विजेचे आणि चुंबकाचे नियम उलगडणाऱ्या माणसालाही या धातूने एवढं चकवलं, हे वाचलं की मुशीत माल भरणाऱ्या त्या कारागिरांबद्दल आदर दुणावतो.

मूठ बाभळीची किंवा शिसवीची असावी, तळहातात भरेल एवढी जाड. स्क्रूड्रायव्हरला हे विशेष लागू. तीस मिलिमीटर व्यासाच्या मुठीवर लावलेला जोर सहा मिलिमीटरच्या टोकाच्या कडेला पाचपट होऊन पोचतो. कानशीची निमुळती शेपटी आयतीच असते. मुठीत तिच्यापेक्षा थोडं लहान भोक पाडून त्यात लाख आणि विटेची बारीक पूड भरायची, शेपटी लाख वितळेल इतकी गरम करून आत दाबायची. हे करताना टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर दिलेलं पाणी उतरतं. लाख थंड झाली की मूठ हलत नाही. मात्र अशा मुठीला विजेपासून संरक्षण नसतं. स्विचबोर्ड, मिक्सर, गीझर यांच्या कामाला घरचं हत्यार कधीच लावू नये. तसंच कडक केलेल्या टोच्यावर हातोडी मारू नये, त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

टोच्याला हातोडी लागतही नाही. हाताने पाच किलोचा भार दिला आणि टोकाचं क्षेत्रफळ पाव चौरस मिलिमीटर असलं, तर तिथे वातावरणाच्या सुमारे दोन हजारपट दाब येतो. चामडं, प्लास्टिक, लाकूड यांचं त्यापुढे काही चालत नाही. फक्त लाकडासाठी टोक सुईसारखं न ठेवता छिन्नीसारखं चपटं, दोन मिलिमीटर रुंद घासावं. सुईचं टोक लाकडाचे तंतू दोन्हीकडे रेटतं आणि पातळ पट्टी रेषेत उकलते. चपटं टोक रेषेला आडवं धरून दाबायचं, म्हणजे आधी तंतू कापले जातात. मग मनगट डावीउजवीकडे फिरवत आत न्यायचं. बिजागरीचा स्क्रू या भोकात सरळ उभा राहतो आणि कड फाटत नाही.