भूजलप्रवाह आणि व्हाळांतील नायट्रेट (गोवा)

जमिनीत मुरलेले नायट्रेट (नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे पाण्यात विरघळणारे संयुग) भूजलाबरोबर वाहत जाऊन झरी, व्हाळ (ओढे) व नद्यांत उतरण्याची क्रिया. गोव्यात सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, पण बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दिवाळीनंतर व्हाळांत वाहते ते मुख्यतः भूजलच. त्यामुळे उन्हाळ्यात व्हाळाचे पाणी तपासणे म्हणजे वरच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उंच पठारावर) काही महिन्यांपूर्वी, क्वचित काही वर्षांपूर्वी, मुरलेले पाणी तपासणे होय. युरिया, शेणखत, गोठे आणि घरांचे शोषखड्डे हे नायट्रोजनाचे नेहमीचे उगम.

प्रवाहाची वाट जांभा ठरवतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी मलबारातील अशाच दगडाला ‘लॅटेराइट’ म्हटले, ते विटांसारखा कापता येतो म्हणून. गोव्यातील जांभा जागच्या खडकाच्या अपक्षयाने (हवापाण्याने होणाऱ्या झिजेने) झाला की वाहून आलेल्या गाळाचा बनला, याबद्दल मतभेद आहेत. उंच सड्यांपुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. पायथ्याच्या काही थरांना दुसरे लागू पडावे. त्याचे वय सर्वसाधारणपणे तृतीय कल्पातील मानतात, परंतु अपक्षय दीर्घकाळ चालू राहिल्याने एकच काळ सांगणे योग्य नव्हे. पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाची ती त्याची रचना: वर पोकळ्यांचे कठीण कवच, खाली पाणी अडवणारी चिकणमाती. दोहोंच्या सांध्यावर, उताराच्या पायथ्याशी, झरी फुटतात. कुळागरांचे (पोफळी-नारळीच्या बागांचे) पाट त्यांवरच चालतात.

नायट्रेट हा ऋणायन (ऋणभारित कण) असल्याने सामान्य मातीत तो न अडकता पाण्याबरोबर निघून जातो. जांभ्याच्या आम्लधर्मी खालच्या थरांत मात्र लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर धनभार येतो व नायट्रेट काही काळ धरले जाते. वरच्या थरात सेंद्रिय द्रव्य हा धनभार झाकते, म्हणून तेथे हा गुण क्षीण असतो. हे धरून ठेवणे नाश नव्हे, विलंब आहे. खत बंद केले तरी व्हाळातील नायट्रेट लगेच का उतरत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

खरा नाश होतो तो विनायट्रीकरणाने. ऑक्सिजन संपलेल्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या चिखलात जीवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. काठच्या दलदलीतून झिरपत आलेले पाणी म्हणून निवळलेले असते. कवचातील पोकळ्यांतून वेगाने आलेले झरीचे पाणी ऑक्सिजनयुक्त राहते आणि त्यातील नायट्रेट टिकते. झर दलदलीच्या वर फुटून पाटाने थेट व्हाळात गेली, तर काठची दलदल कितीही चांगली असो, तिचा उपयोग होत नाही. झर दिसायला निर्मळ असते. तिच्या वरच्या अंगाला शोषखड्डा खणण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

व्हाळाकडे येताना नायट्रेट घटते ते विनायट्रीकरणाने की केवळ पातळ झाल्याने, हा वाद जुना आहे. क्लोराइडाशी (मिठातील घटक, जो जीवाणू वापरत नाहीत) तुलना करून तो बहुधा सुटतो: दोन्ही सारख्या प्रमाणात घटली तर पाणी पातळ झाले, नायट्रेटच अधिक घटले तर विनायट्रीकरण झाले असावे. भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या खाजनांत (खाडीकाठच्या सखल शेतांत) समुद्राचे क्लोराइड मिसळत असल्याने ही कसोटी निरुपयोगी ठरते. तेथे नायट्रोजन व ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवर) अधिक विसंबावे लागते.

पहिल्या पावसाचा प्रकार वेगळा. उन्हाळ्यात सुकलेली माती भिजताच जीवाणूंची क्रिया एकदम वाढते, आणि साठलेले नायट्रेट मृगाच्या सरींत धुपून खाली जाते.

पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिग्रॅ. आहे. नायट्रोजन म्हणून मोजल्यास ती सुमारे १० मिग्रॅ. होते, आकडे वाचताना ही दोन परिमाणे एकमेकांत मिसळू नयेत. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आणि अर्भकांचा निळेपणा यांचा संबंध १९४५ मध्ये अमेरिकेत हंटर कॉमली यांनी मांडला.

डिचोली, सत्तरी व सांगे येथे लोहखनिजाच्या खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या. अशा खाणींतून पाणी उपसताना प्रवाह खाणीकडे वळतो आणि आसपासच्या झरी क्षीण होतात.