दाहशामक औषधांचा संगणकीय पुनर्शोध (जखमा भरण्यासाठी)

दुसऱ्या आजारासाठी मान्यता मिळालेले दाहशामक औषध रेंगाळलेली जखम भरून आणेल का, हे जनुके व प्रथिनांच्या साठवलेल्या माहितीवरून संगणकाने ताडून पाहण्याची पद्धत. मधुमेहींच्या पायावरील जखमांच्या संदर्भात तिचा विचार विशेष होतो. अशा जखमेवर लावण्यासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झालेले बेकाप्लर्मिन हे दाहशामक नसून वृद्धिघटक, म्हणजे पेशींची वाढ घडवणारे प्रथिन आहे.

जखम झाली की न्यूट्रोफिल व महाभक्षी या संरक्षक पेशी जमून जंतू आणि मृत ऊती साफ करतात. हा दाह हवाच असतो. तो वेळेवर ओसरला की नवी ऊती भरू लागते. मधुमेहात तो ओसरत नाही. दाह भडकवणारे टीएनएफ-अल्फा हे प्रथिन चढे राहते आणि एमएमपी-९ हे विकर नव्या ऊतीचा सांगाडा व वृद्धिघटक दोन्ही पचवून टाकते.

शोधाची सर्वात रुळलेली रीत उलट्या ठशाची आहे. चिघळलेल्या जखमेत कोणती जनुके जास्त आणि कोणती कमी कार्यरत आहेत ते मोजायचे, मग पेशींत नेमका उलटा परिणाम घडवणारे औषध हुडकायचे. यासाठी अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटचा ‘कनेक्टिव्हिटी मॅप’ हा औषधांनी जनुकांत घडवलेल्या बदलांचा संग्रह वापरतात. २००६ मध्ये १६४ रसायनांवर सुरू झालेल्या या संग्रहात २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक नोंदी झाल्या. मात्र प्रत्येक नव्या नोंदीत प्रत्यक्ष मोजली जातात ती ९७८ जनुके, बाकीची अंदाजाने काढतात. शिवाय पुष्कळ नोंदी एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगातील पेशींसारख्या कर्करोगाच्या पेशींवरच्या आहेत. स्तनाच्या गाठीतील पेशीने दिलेले उत्तर टाचेच्या कातडीला लागू पडेलच असे नाही.

औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो का, हे पाहणारी डॉकिंग ही दुसरी रीत. इथे एमएमपी-९ व त्याच्या कुळातील विकरे हे एक लक्ष्य ठरते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक जंतू न मारणाऱ्या अल्प मात्रेतही एमएमपी विकरांना आवरते. त्याची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल अमेरिकेत १९९८ मध्ये हिरड्यांच्या विकारासाठी मान्य झाली. एमएमपी-९ च्या खाचेत जस्ताचा आयन असतो आणि धातूशी जुळणारे बंध साध्या डॉकिंगला नीट मोजता येत नाहीत, त्यामुळे रेणू किती घट्ट बसतो याचे इथले गुणांक जपूनच वाचावे लागतात.

खरी अडचण काळाची आहे. दाहाची जनुके दाबण्यात स्टेरॉइड सरस, म्हणून संगणकाने काढलेल्या औषधांच्या यादीत ते सहज वर येते. पण स्टेरॉइडने कोलॅजेन कमी तयार होते व जखम रेंगाळते, हे शल्यचिकित्सक केव्हापासून जाणतात. म्हणून नमुना जखमेच्या कोणत्या अवस्थेत घेतला, याला यादीइतकेच महत्त्व आहे. पोटात घेण्यास सुरक्षित ठरलेले औषध उघड्या जखमेवर तसेच वागेल, हेही गृहीत धरता येत नाही.

यादीतील औषधे पुढे बहुधा उंदरांवर तपासतात. उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, माणसाची नवी ऊती भरून. त्यामुळे आकसणे रोखण्यासाठी जखमेभोवती सिलिकॉनची चकती टाक्यांनी बसवतात.