सुकाणू आणि मामाचा कासरा

लहानपणी येळ्ळूरला मामाच्या बैलगाडीत कासरा हातात आला की मी तो सारखा ओढायचो. मामा म्हणायचा, "सैल सोड रं, बैलांस्नी वाट म्हाईत हाय." बऱ्याच वर्षांनी चोर्ला घाट उतरून गोव्यात शिडाची होडी शिकायला गेलो, तर तिथल्या शिक्षकानेही पहिल्याच दिवशी तेच सुनावलं. मागे वळून बघितलं, तर पाण्यावर आमची नागमोडी रेघ उमटलेली.

सुकाणू म्हणजे होडीच्या मागे पाण्यात उभी सोडलेली फळी. तिच्यावरून पाणी वाहिलं तरच तिला जोर. होडी थांबली की ती फळी फिरवायचा दांडा नुसता धरून बसायचं. वेग दुप्पट झाला की त्याच कोनात जोर चौपट होतो, म्हणून वेगात बोटभर हालचाल पुरते. फळी फार तिरकी केली, साधारण १५-२० अंशांच्या पलीकडे, की पाणी तिला चिकटून वाहायचं सोडतं, मागे भोवरे उठतात आणि सुकाणूचा ब्रेक होतो. माझी नागमोडी रेघ म्हणजे अशा छोट्या-छोट्या ब्रेकांची माळच होती.

खरी गंमत वाऱ्याचा झोत आल्यावर. होडी एका अंगावर कलते आणि वारा जिकडून येतो तिकडे आपोआप वळू लागते. दांडा हाताला ओढ देतो, नवखा माणूस दोन्ही हातांनी त्याच्याशी झुंजतो. ही ओढ येते कुठून? होडी कलली की शीड बुडापासून बाजूला, पाण्यावर झुकतं. म्हणजे पुढे ओढणारा जोर एका बाजूला आणि पाण्याचा अडथळा मधोमध. जोडीतला डावा बैल जास्त ओढू लागला की गाडी उजवीकडे जाते ना, तसंच. अशा वेळी कासरा खेचून काय होणार? डाव्या बैलाला आवरायला हवं. होडीत त्यासाठी शिडाची दोरी थोडी सैल सोडायची आणि वारा येतो त्या बाजूला अंग बाहेर टाकायचं. होडी सरळ झाली की दांडा हातात हलका होतो.

तो अगदीच निर्जीव मात्र नको. वारा येतो त्या बाजूला तिरकं चढत जाताना सुकाणू ३-५ अंश तिरकं धरावं लागेल एवढी ओढ चांगलीच. त्यातून सुकाणू होडीला आडवं घसरण्यापासून थोडं सावरतं. शिवाय हात सुटला, तर होडी स्वतःच वाऱ्याकडे तोंड करते, शीड फडफडतं आणि ती थांबते.

झोत येण्याआधी दिसतो, हे मात्र मी घरी येऊन शिकलो. राकसकोप जलाशयाच्या काठावर उभं राहा. चकचकीत पाण्यावर अचानक एक काळसर, सुरकुतलेला पट्टा सरकत येतो. तो काठाला लागला की पुढच्या क्षणी शर्ट फुगतो. आता तिथे गेलो की मी पट्टा दिसताच आकडे मोजतो, आणि नकळत उजव्या हाताची मूठ सैल सोडतो, जणू दोरी हातातच आहे.