मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड: इन्सुलिनसोबत नेमकी कोणती गोळी?

कुणी म्हणतं, इन्सुलिन सुरू झालं की गोळ्या बंद. कुणी म्हणतं, असू दे, शुगरचीच गोळी आहे. दोघांनाही माझा एकच प्रश्न: कोणती गोळी?

मेटफॉर्मिन बहुतेकांना ठाऊक आहे. यकृत रक्तात साखर सोडतं, त्याला ती आवर घालते. जेवणासोबत घ्यायची, नाहीतर पोट बिघडतं. टाइप २ मधुमेहात इन्सुलिन लागलं तरी डॉक्टर बहुधा ती चालूच ठेवतात, कारण इन्सुलिनचे युनिट्स कमी लागतात. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा आणि किडनीचे रिपोर्ट दाखवत राहा, बस.

ग्लिमेपिराइडचं काम निराळं. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते, तुम्ही जेवलात की नाही याची फिकीर न करता, आणि परिणाम दिवसभर राहतो. त्यावर बाहेरून इन्सुलिन टोचलं की शुगर उतरवणारे दोघं झाले.

आता संकष्टी धरा. सकाळी गोळी आणि इन्सुलिन नेहमीसारखं, पोटात थोडा साबुदाणा, चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये घाम फुटतो, हात थरथरतात. त्या गर्दीत घाम कुणाला येत नाही? त्यामुळे शुगर ७० च्या खाली गेल्याचं लक्षातच येत नाही. घरी पोचून घाबरून पेढ्यांचा फडशा पाडला की मीटर २८० दाखवतो, आणि घरचे ठरवतात, इन्सुलिन कमी पडतंय, वाढवा! वरखाली होणाऱ्या शुगरचा हा खेळ मला भयंकर चीड आणतो.

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग नीट जेवा. ग्लिमेपिराइड अंगात असेल तर शुगर परत उतरू शकते, म्हणून लगेच झोपू नका. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

घोळ वाढवते ती दोन्ही औषधं एकत्र असलेली गोळी. पाकिटावरच्या ‘एम-२’ मधला एम मेटफॉर्मिनचा, पण २ बहुधा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम. ‘मी फक्त मेटफॉर्मिन घेतो’ म्हणणाऱ्या कितीजणांच्या डब्यात हेच पाकीट निघतं! मागची बारीक अक्षरं वाचा. मनाने काही बंद करू नका, पण उपासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी आणि इन्सुलिन, दोन्हींचं विचारा.