कोपराच्या वर म्हणजे नेमकं कुठं?

सुगीच्या दिवसांत बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आत्याचा फोन आला. भाताचा भारा डोक्यावरून नेताना तिच्या उजव्या हातात कळ आली होती. "कोपराच्या वर दुखतंय बघ," म्हणाली. मला वाटलं, दंड. गावी गेल्यावर तिनं भारा धरल्यासारखा हात उचलला आणि बोट ठेवलं ते कोपर नि मनगट यांच्यामध्ये. हात उचलला की मनगट कोपराच्या वर जातंच! तिचं काहीच चुकलं नव्हतं.

म्हणूनच शरीररचनाशास्त्रानं माणसाला कायमचं एका तऱ्हेनं उभं केलंय. अंग ताठ, नजर समोर, पावलं जवळजवळ, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढं. ही ॲनाटॉमिकल पोझिशन, म्हणजे शारीर स्थिती. माणूस खाटेवर आडवा असला तरी वर्णन या उभ्या स्थितीतलंच. हृदय तेव्हाही पोटाच्या 'वर'च.

तळवे पुढंच का? उजवा तळवा पुढं करा, मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड डाव्या हातानं चाचपा आणि तळवा सावकाश मागं फिरवा. ते हाड, रेडियस, शेजारच्या अल्नाला तिरकं ओलांडून आतल्या बाजूला येतं. तळवा पुढं असताना ही दोन्ही हाडं समांतर असतात, म्हणून आत-बाहेर ठरवता येतं. शरीराच्या मध्यरेषेकडचं ते मीडियल, तिच्यापासून लांबचं ते लॅटरल. या स्थितीत अंगठा लॅटरल, करंगळी मीडियल.

डावं-उजवं मात्र नदीसारखं. मलप्रभेच्या कुठल्याही काठावर उभे राहा, तिचा उजवा काठ पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करूनच ठरतो. तसं उजवं म्हणजे रुग्णाचं उजवं. सीटी स्कॅनचे आडवे काप पायांकडून बघितल्यासारखे मांडतात, त्यामुळं उजवीकडचं यकृत पडद्यावर डावीकडं दिसतं. उसाच्या गंडेऱ्या करतात तसा हा आडवा छेद. कपाळावरच्या उभ्या गंधाच्या रेषेतून जाणारा, डावं-उजवं वेगळं करणारा तो सॅजिटल. पुढचं-मागचं वेगळं करणारा कोरोनल.

मलप्रभा उगम पावते कणकुंबीला. हातापायांचा 'उगम' धडाशी मानायचा. उगमाकडचं ते प्रॉक्सिमल, बोटांकडचं ते डिस्टल. आत्याचा हात खाली लोंबू दे की भाऱ्याला लागू दे, तिचं दुखणं कोपराच्या डिस्टलच राहतं. मला या दोन शब्दांचं फार अप्रूप आहे, कारण हात कसाही वळला तरी ते हलत नाहीत.

१८९५ साली बासेलमध्ये शरीररचनेच्या नावांची एक सामाईक लॅटिन यादी ठरली. तोवर एकाच अवयवाला किती तरी नावं असायची. आपल्या सीमाभागात तर उजव्याला कन्नडमध्ये 'बल' म्हणतात आणि आपल्याला त्यात बळ ऐकू येतं.

आत्याला बेळगावला पाठवताना चिठ्ठीवर लिहिलं : उजवा हात, कोपरापासून तीन बोटं डिस्टल, लॅटरल बाजू. डॉक्टर कन्नडभाषक. चिठ्ठी वाचून त्यांनी बोट टेकवलं आणि आत्या म्हणाली, "हां, हितंच!"